बोंडअळी बांध ओळखत नाही

(वर्धा जिल्ह्यात भरलेल्या कार्यकर्ता अभ्यासशिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘कापसावरील किडींचा प्रश्न’ असे छापले आहे. ते वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय कृषी खात्याच्या मेळाव्यात शोभावा; राजकीय कार्यकर्त्यांच्या शिबिरात त्याचे प्रयोजन काय? मी आपणांस दोष देत नाही. कापसाचा भाव, सावकाराचे देणे, एकाधिकार खरेदी हे आपले प्रश्न आणि अळी हा शास्त्रज्ञांचा प्रश्न, अशी वाटणी मीही अनेक वर्षे मनाशी करून ठेवली होती. एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली तेव्हापासून ती मोडीत निघेपर्यंत आपण सभा घेतल्या, रस्ते अडवले, ठराव केले. मात्र ज्या वावरात तो कापूस पिकतो, त्या वावरात फवारणीच्या दिवशी काय चालते हे पाहायला आपल्यापैकी फार थोडे गेले. २०१७ च्या पावसाळ्याने माझ्यापुरती ती वाटणी पुसून टाकली.

त्या वर्षी जुलैपासून पुढच्या चार-पाच महिन्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली. विदर्भातील इतर जिल्ह्यांतूनही अशाच बातम्या येत राहिल्या. मृतांत अल्पभूधारक शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारे भूमिहीन मजूरही होते. त्या दिवसांत एका सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी एका मजुराच्या पत्नीशेजारी बसलो होतो. नवऱ्याने फवारलेल्या विषाच्या तीन बाटल्या ती पिशवीत घालून घेऊन आली होती. डॉक्टर विचारतील, असे तिला कोणीतरी सांगितले होते. बाटलीवरचा कागद मी उलगडून पाहिला. भारतातल्या साऱ्या भाषांना त्यावर समान न्याय मिळाला होता आणि त्यामुळे एकही भाषा वाचता येऊ नये इतकी अक्षरे बारीक झाली होती. त्या माउलीने मला विचारले, “भाऊ, यातलं कोणतं औषध बाधलं असंल?” फवारणीच्या विषाला आपल्याकडे सर्रास ‘औषध’ म्हणतात. या एका शब्दाने विक्रेत्यांचे जेवढे काम केले आहे, तेवढे त्यांच्या जाहिरातींनीही केले नसेल.

मृत्यूची कारणे सांगितली गेली ती अशी: मजुरांनी तोंडाला फडके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, दोन-तीन विषे एकत्र मिसळली, जोरदार फवारा देणारे चिनी पंप वापरले, वाऱ्याच्या दिशेचा विचार केला नाही. यातले प्रत्येक कारण खरे आहे. परंतु त्यातील प्रत्येकाचा रोख मेलेल्या माणसाकडे आहे. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अंगाला चिकटणारी दमट उष्णता होती. त्या उष्म्यात रबरी पोशाख घालून आठ तास पंप चालवून दाखवावा, असे या उपदेशकांना कोणी सुचवले नाही.

कायद्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विष मिसळले गेलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यातून चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, फवारणी करणाऱ्यासह विष हाताळणाऱ्या प्रत्येकाला योग्य संरक्षक कपडे असले पाहिजेत. ते कपडे मजुराला कोण देणार? वावराचा मालक, जो स्वतः उधारीवर विष आणतो? विक्रेता? कारखानदार? नियम आहे आणि त्याला धनी नाही. शेतकऱ्यांच्या अपघातविम्याचा आधार सातबारा आहे, आणि सातबाऱ्यावर मजुराचे नाव नसते. म्हणजे फवारणी करताना तो कायद्याने कोणाचाच नसतो आणि मेल्यावरही कोणाचा नसतो.

अर्थात मजुराला हातमोजे मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असे मी मानत नाही. २०१७ साली एवढी फवारणी का चालली होती, हा त्यामागचा प्रश्न आहे. बोंडअळीपासून मुक्त म्हणून विकलेल्या बियाण्याची ती कपाशी होती. तिच्यावर तुडतुडे, फुलकिडे आणि पांढरी माशी आली हे एक वेळ समजता येईल. त्या रसशोषक किडींपासून संरक्षणाचे आश्वासन कोणी दिले नव्हते. पण त्याच वर्षी हजारो वावरांतली बोंडे फोडली तेव्हा आत शेंदरी अळी वळवळत होती.

या अळीची जीवनकथा मी थोडी विस्ताराने सांगणार आहे. शत्रूचे चरित्र माहीत नसता लढा उभारण्याची आपल्याला सवय असली, तरी येथे ते चालणार नाही.

शेंदरी किंवा गुलाबी बोंडअळी आपल्याच भागातली जुनी रहिवासी. शास्त्राला तिची ओळख झाली ती गुजरातेतील भडोचच्या कापसातून: तेथून गेलेल्या नमुन्यावरून १८४० च्या दशकात इंग्लंडातील सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तिचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, नखाएवढा, रात्री उडणारा. मादी पात्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या बोंडांच्या देठाशी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी फार वेळ बाहेर राहत नाही. ती बोंडात शिरते, बोंड वाढते आणि शिरण्याचे छिद्र बुजून जाते. त्यानंतर वरून बोंड हिरवेगार, निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. एकदा अळी आत गेली की, वरून मारलेला कोणताही फवारा, मग तो कारखान्यातला असो की निंबोळीचा, तिच्यापर्यंत पोचत नाही. शेतकरी दहा दिवसांत तीनदा फवारतो तेव्हा तो बहुतेक वेळा बोंडाच्या सालीला आंघोळ घालत असतो. मरतात ते कोळी, ढालकिडे, क्रायसोपा यांसारखे त्याचे मित्र, आणि कधीकधी पंपवाला.

या अळीचे दुसरे वैशिष्ट्य असे की, तिला जवळजवळ फक्त कपाशीच लागते. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या भाऊबंदांवर ती क्वचित आढळते. पण तूर, हरभरा, टोमॅटो असे शेकडो पर्याय असणाऱ्या अमेरिकन बोंडअळीसारखी ती सर्वभक्षी नाही. कपाशी संपली की, ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत, किंवा वावरात राहिलेल्या किडक्या बोंडात, झोपी जाते. अशी ती महिनोन्महिने पडून राहू शकते. पुढच्या पावसाळ्यात पाते दिसू लागले की, पतंग बाहेर पडतो. म्हणजे या हंगामाचे शेवटचे बोंड आणि पुढच्या हंगामाचे पहिले पाते यांच्यामधला काळ हा या अळीच्या आयुष्यातला सर्वात अवघड काळ. तो पाच-सहा महिन्यांचा असला तर तिची संख्या मोडते. तो दोन महिन्यांवर आला तर कोणतेही बियाणे आणि कोणतेही विष पुरे पडत नाही. आणि आपण तो काय केला? पाण्याची सोय असलेल्याने फरदड घेऊन कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवली. इकडे मे महिन्यात धूळपेरणी झाली. अळीला झोपायलाही सवड राहिली नाही.

हे एकाएकी घडलेले नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक सारा कापूस देशी जातींचा होता. तो आखूड धाग्याचा, म्हणून गिरण्यांना नको असलेला. पण कोरडवाहू जमिनीत तग धरणारा आणि रसशोषक किडींना सहसा न जुमानणारा. १९७० साली सुरतेहून एच-४ हा कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर आला. लांब धागा आला, उत्पन्न आले, त्याबरोबर खताची, पाण्याची आणि फवाऱ्याची भूकही आली. १९८० च्या सुमारास सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले तेव्हा त्यांचा परिणाम जादूसारखा वाटला. ती जादू सात-आठ वर्षे टिकली. १९८७ च्या हंगामात आंध्रातील गुंटूर-प्रकाशम भागात अमेरिकन बोंडअळी त्या विषाला दाद देईनाशी झाली आणि कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. दहा वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, वरंगळमध्ये तेच पुन्हा घडले. त्या काळी देशातल्या लागवडीच्या सुमारे ५ टक्के क्षेत्रावर कापूस होता आणि देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मे त्याच्यावर पडत होते.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. येथे मला आपल्याच काही मित्रांशी मतभेद नोंदवला पाहिजे. बीटीने काहीच केले नाही, ती निव्वळ फसवणूक होती, असे आपण अनेक वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. ते खरे नाही. अमेरिकन बोंडअळी बीटीने आटोक्यात आणली, काही वर्षे फवारण्या घटल्या, शेतकऱ्याने ते डोळ्यांनी पाहिले आणि म्हणूनच त्याने आपले ऐकले नाही. त्याला मूर्ख ठरवून आपण आपलीच विश्वासार्हता घालवली. खरा दोष बीटीच्या जनुकात नव्हता. तो ते ज्या रीतीने विकले गेले त्या रीतीत होता.

जगातल्या बहुतेक कापूस-देशांत बीटीचे सरळ वाण आहेत, थोड्या दिवसांत येणारे. आपल्याकडे ते जवळजवळ पूर्णपणे संकरित बियाण्यात घालून विकले गेले, कारण संकराचे बी शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते. हे संकर सहा-सात महिने वावरात उभे राहतात. कोरडवाहू जमिनीला ते पेलत नाहीत, पण शेंदरी अळीला ती मेजवानीच. त्यात झाडाचे वय वाढते तसे त्यातले बीटी विष पातळ होत जाते, आणि पातळ विषात वाढलेली अळीच पुढे प्रतिकारक्षम होते.

दुसरी गोष्ट आश्रय-पट्ट्याची. बीटी कपाशीच्या भोवती बिगर-बीटी कपाशीचा पट्टा लावायचा असा नियम होता. बीटीला दाद न देणारा एखादा पतंग निपजलाच, तर त्याचा संयोग या पट्ट्यातल्या साध्या पतंगाशी व्हावा आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडणारी निघावी, असे ते गणित. ४५० ग्रॅम बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे वेगळे बिगर-बीटी पाकीट दिले जाई. ते शेतकऱ्याने फेकून दिले, कारण चार एकरांच्या माणसाने आपल्या वावरातले पाच ओळींचे पीक अळीला नैवेद्य म्हणून का सोडावे हे त्याला कोणी समजावून सांगितले नाही, आणि शेजारी सोडत नसता आपण का सोडावे, या त्याच्या प्रश्नाला उत्तरही नव्हते. परिणाम ठरलेला होता. पहिल्या पिढीच्या बीटीला शेंदरी अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. दुहेरी जनुकाचे बियाणे २००६ मध्ये बाजारात आले होते. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत तेही निकामी ठरू लागले आणि २०१७ मध्ये ती लाट आपल्या दारात आली. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांति आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये या साऱ्या काळाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, कापूस शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरील खर्च बीटी येण्यापूर्वी होता त्याहूनही वर गेला आहे. वर्तुळ पूर्ण झाले.

आता मी आपल्याला एका अनपेक्षित ठिकाणी नेतो: अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात. हीच शेंदरी अळी, हेच जनुक. तेथे काय झाले? तेथील उत्पादकांनी स्वतःवर पट्टी बसवून एक सामुदायिक मोहीम हाती घेतली. ठराविक मुदतीत साऱ्यांनी पऱ्हाटी जमिनीत गाडायची. बीटी कपाशी पेरायची. नर पतंगाला मादी सापडू नये म्हणून वावरभर कृत्रिम कामगंध पसरायचा. आणि प्रयोगशाळेत वाढवून वंध्य केलेले पतंग विमानातून सोडायचे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कापूस-पट्ट्यातून ही अळी नष्ट झाल्याचे जाहीर केले. भांडवलशाहीच्या पंढरीत अळीपुरता पूर्ण समाजवाद चालला आणि यशस्वी झाला. आपल्याकडे मात्र राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द असूनही प्रत्येक शेतकऱ्याला अळीपुढे एकटे उभे केले गेले, हातात एक बाटली देऊन.

कोणी म्हणेल, तेथे हजारो एकरांचे मालक आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. मग चीनकडे पाहा. यांगत्सेच्या खोऱ्यातले शेतकरी आपल्याहूनही लहान. तेथे २०१० नंतर संकराच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बी मोठ्या प्रमाणात पेरले गेले. अशा बियाण्यातली सुमारे चौथाई झाडे आपोआप बिगर-बीटी निघतात. म्हणजे वेगळा पट्टा न लावता वावरातच आश्रय तयार झाला, आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला, असे तेथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले.

आपल्या देशातही उदाहरणे नाहीत असे नाही. नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावी १९९० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे बीटी येण्यापूर्वीच, राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने संपूर्ण गाव हे एकक धरून कोरडवाहू कपाशीवर प्रयोग केला. पक्ष्यांना बसायला मचाण, परोपजीवी ट्रायकोग्रामा माशीची कार्डे, अळीला रोग लावणारा विषाणू, निंबोळी अर्क, मित्रकिडींना आसरा देणारी आंतरपिके, आणि निरीक्षणाशिवाय फवारणी नाही हा दंडक, अशी ती पद्धत. तेव्हाच्या खम्मम जिल्ह्यातील पुनुकुला या गावाची कथा तर कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावी. विषाच्या उधारीने पिचलेले ते गाव १९९९-२००० पासून एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने हळूहळू फवारणी सोडत गेले. उन्हाळी नांगरट, निंबोळी अर्क, मिरची-लसणाचा काढा, चिकट फलक, कामगंध सापळे, एरंडी आणि झेंडूची सापळा-पिके, सारी साधने साधी. २००३-०४ च्या सुमारास गावाच्या पंचायतीने गाव कीटकनाशकमुक्त असल्याचे जाहीर केले. पुढे आंध्र सरकारने हेच काम महिला बचतगटांच्या महासंघांकडे सोपवले आणि ते काही वर्षांत लाखो एकरांवर पसरले.

या यशाचे श्रेय निंबोळीला देणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. निंबोळी अर्क चांगला. तो रसशोषक किडींना आणि अंडी घालणाऱ्या पतंगाला आवर घालतो, मित्रकिडी मारत नाही, पंपवाल्याला मारत नाही. पण त्याला चमत्काराचे रूप देऊन गावोगाव शिबिरे घेणारे जे नवे बुवा निघाले आहेत, त्यांचे आणि बाटली विकणाऱ्याचे तर्कशास्त्र एकच आहे: एक द्रव्य घ्या आणि निश्चिंत व्हा. पुनुकुलात द्रव्य बदलले, त्याहून महत्त्वाचे म्हणजे सल्ला कोणाकडून घ्यायचा ते बदलले. आपल्या गावात बियाणे, विष, उधारी आणि सल्ला हे चारही एकाच दुकानाच्या फळीवरून मिळतात. ज्याचे देणे डोक्यावर आहे त्याने “तीन फवारे मार” म्हटले, तर “नको” म्हणण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला कोठून असणार? भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ मध्येच बंदी झाली होती. तरी पुढे पंधरा-अठरा वर्षे ते विष कपाशीच्या नावाखाली त्याच फळीवर राहिले आणि २०२३ मध्ये कोठे सरकारने त्याचे प्रमुख द्रावण बंद करण्याचा आदेश काढला. पुनुकुलातल्या बायकांनी बचतगटाच्या बैठकीत कोणाच्या वावरात काय दिसले हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्यांदा दुकानाबाहेर एक ज्ञान तयार झाले. कापूस वेचतात बायका. किडके बोंड प्रथम त्यांच्या हाताला लागते. आणि आपल्या जिल्ह्यातल्या किती प्रशिक्षणांना त्यांना बोलावणे जाते?

मग आपण करायचे काय? मी येथे कृषी-पत्रिका वाचून दाखवणार नाही. जे एकट्याला करता येत नाही आणि म्हणून संघटनेलाच करावे लागेल, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट तारखांची. कपाशी डिसेंबरअखेर उपटायची आणि पाऊस झाल्याशिवाय लावायची नाही, एवढे एक गाव-शिवार एकजुटीने पाळू शकले तर अर्धी लढाई संपते. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने १ जूनपूर्वी कापसाचे बियाणे शेतकऱ्याला विकू नये असे आदेश काढले, ते यासाठीच. या बाबतीत सक्तीचा जुना दाखलाही आहे. मद्रास प्रांतात १९१९ मध्ये पिकांवरील कीड-रोगांचा कायदा झाला आणि त्याखाली कंबोडिया कापसाची झाडे ठराविक तारखेआत उपटणे बंधनकारक झाले. परक्या सरकारने पोलिसाच्या जोरावर केले ते आपण ग्रामसभेच्या जोरावर का करू नये? पण ग्रामसभेत उभे राहण्यापूर्वी फरदड घेणारा ती का घेतो याचा विचार करा. जानेवारीनंतर निघणारा दोन-तीन क्विंटल कापूस हा त्याचा हप्ता असतो. त्याला हरभऱ्याचे बी आणि पाण्याची पाळी वेळेवर मिळवून द्याल, तर तो तुमचे ऐकेल. नुसता अळीच्या चरित्राचा पाठ द्याल, तर तो तुम्हांला चहा पाजून परत पाठवील.

याहून नाजूक प्रश्न पऱ्हाटीचा आहे. अधिकारी सांगतात की, पऱ्हाटी यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळा, घराजवळ रचून ठेवू नका, कारण तिच्या वाळल्या बोंडांत अळी झोपलेली असते. शास्त्र बरोबर आहे. परंतु ही पऱ्हाटी मजुराच्या चुलीचे वर्षभराचे जळण आहे. गॅसचे सिलिंडर घरात असले तरी ते पुन्हा भरायला पैसे नसतात. अळीच्या नावाखाली गरिबाचे सरपण जाळून टाकणारी मोहीम आपण चालवू शकत नाही, आणि पऱ्हाटीच्या ढिगाकडे डोळेझाकही करू शकत नाही. मला सुचणारा मार्ग असा: उपटण्यापूर्वी मेंढपाळाला बोलावून शेळ्या-मेंढ्या त्या वावरात चारून घ्याव्यात, म्हणजे हिरवी-किडकी बोंडे खाल्ली जातात, उरलेली तोडून नष्ट करावीत आणि मगच झाड सरपणाला द्यावे, तेही पावसाळ्याआधी संपेल इतकेच. त्या तोडणीची मजुरी रोजगार हमीसारख्या कामातून मिळावी यासाठी झगडणे हे तर आपलेच काम आहे. रोजगार हमी ही याच महाराष्ट्राची देणगी, हे मी येथे सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट कामगंध सापळ्यांची. एकरी दोन सापळे लावून रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली, नाहीतर दुकानात जायचे नाही. शिवाराच्या मध्यभागी एकट्याने सापळा लावला तर तो शेजाऱ्याचे पतंग मोजत बसतो. पन्नास-शंभर एकर सलग लागले तरच त्या आकड्याला अर्थ येतो. नर-मादीची भेट चुकवणाऱ्या कामगंधाच्या नव्या दोऱ्या आल्या आहेत, त्यांचेही तसेच. आणि सापळे जिनिंगच्या आवारातही लागले पाहिजेत. सरकीच्या ढिगाऱ्यातून उठलेला पतंग भोवतालच्या वावरांवर पसरतो. शेतकऱ्याला पऱ्हाटी जाळायला सांगणारे अधिकारी जिनिंग मालकाच्या फाटकाशी अडखळतात. तेथे जायला कार्यकर्ता हवा.

तिसरी गोष्ट पंपवाल्यांची. गावात फवारणीचे काम करणाऱ्यांची यादी आपण ठेवू शकतो. दिवसाला किती तास, सलग किती दिवस, कोणते विष, याची साधी वही ठेवता येते. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषाने रक्तातले एक विकर निकामी होत जाते. घाम, लाळ सुटते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, फुप्फुसे पाण्याने भरतात. वेळेवर ॲट्रोपिन मिळाले तर माणूस वाचतो. ते विकर मोजण्याची तपासणी अवघड नाही. ज्या भागात शिवारेच्या शिवारे कपाशीची आहेत, तेथील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जुलै ते नोव्हेंबर ती तपासणी झाली पाहिजे, ॲट्रोपिनचा साठा असला पाहिजे आणि फवारणीच्या मजुराची नोंद झाली पाहिजे, ही मागणी घेऊन या हंगामातच तहसीलवर जाता येईल. तिला शास्त्रज्ञांच्या समितीची वाट पाहावी लागत नाही.

अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. ‘शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे’ ही त्यांची घोषणा. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. आपल्यापैकी किती जण पेरलेल्या ओळीशी उभे राहून अटक पत्करायला तयार आहेत ते पाहिले पाहिजे. पण कोणते पाकीट विकत घ्यावे एवढ्यापुरते ते स्वातंत्र्य आहे. पाकीट निकामी झाल्यावर त्या शेतकऱ्याजवळ काय उरते, हा प्रश्न त्यात येत नाही. शेंदरी अळीने तो आपल्यापुढे टाकला आहे आणि त्याचे उत्तर एकट्याच्या वावरात मिळण्यासारखे नाही.

बोलणे बरेच लांबले. जेवणाची घंटा झालेली दिसते. जेवणानंतर विश्रांतीची वेळ आहे, पण मी अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. शाळेच्या मागे ज्यांचे वावर आहे ते साथी येथेच बसले आहेत. त्यांच्या कपाशीला साधारण पंधरा दिवसांची बोंडे लागली आहेत. आपण गट करून जाऊ. वीस झाडांची एकेक बोंडे तोडायची आणि फोडून पाहायची. वीसांत दोन किडकी निघाली, तर दहा टक्के झाले आणि काही करावे लागेल. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल दिसले तर तीच डोमकळी; ती तोडून माझ्याकडे आणा. चाकू मी बरोबर आणले आहेत. वहिनींनी आणि त्यांच्याबरोबर वेचणीला जाणाऱ्या दोघीतिघींनी पुढे चालावे, कारण आपल्यातल्या बहुतेकांना किडके बोंड ओळखता येत नाही. मोजणीचा आकडा संध्याकाळच्या बैठकीत फळ्यावर लिहू आणि मग ठरावाच्या मसुद्याकडे वळू.